सुधारित कोंबडीची पिल्ले आईसारखी का निघत नाहीत?

गावाकडील नातलगांना जोडधंदा उभारून देण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण ब्रिटनमधून पैसे पाठवतात. मीही मामेभावाला १०० सुधारित पिल्लांसाठी पाठवले होते. पहिले वर्ष उत्तम गेले. मग त्याने त्याच कोंबड्यांची अंडी उबवून घेतली, आणि नव्या पिढीत काही बऱ्या, बाकीच्या सामान्य निघाल्या. पिल्ले विकणाऱ्याने फसवले, असा त्याचा समज झाला. मला वाटते, दोष माहितीच्या अभावाचा होता.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, याचे मोठे कारण म्हणजे ती खुडूक होते. दहा-पंधरा अंडी झाली की ती उबवायला बसते. २१ दिवस त्यात जातात, पुढे पिल्लांचे संगोपन. या काळात अंडे नाही. व्हाइट लेगहॉर्नमधून हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकला गेला. म्हणूनच ती वर्षाला ३०० अंड्यांपर्यंत पोहोचते. मात्र तिला संतुलित खाद्य आणि बंदिस्त शेड लागते. उकिरड्यावर सोडलेली पांढरी कोंबडी घारीला व मुंगसाला लांबूनच दिसते.

संकराचा हेतू या दोहोंचा मेळ घालण्याचा. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलपासून ‘निर्भीक’, कडकनाथपासून ‘श्यामा’ आणि उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून ‘हितकारी’ तयार केली. मानेवर पिसे नसल्याने शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडते. विदर्भातला उन्हाळा आठवला की याचे मोल कळते.

पहिल्या संकरित पिढीला आई व बाप यांच्याकडून भिन्न जनुके मिळतात, आणि एकाची उणीव दुसरा झाकतो. हा संकरजोम पुढच्या पिढीत सरासरीने निम्म्यावर येतो. पत्ते पिसल्यासारखी जनुके विखुरतात. खुडूकपणाही काहींत परततो. म्हणून दर वेळी नवी पिल्ले उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात आणि तेथे दोन्ही मूळ वाण शुद्ध राखावे लागतात. गावोगावचे असील संकरात विरून गेले, तर पुढचा संकर कशाशी करणार? या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते.

रोगप्रतिकाराविषयीचा गैरसमज अधिक महाग पडतो. १९२६ साली न्यूकॅसल-अपॉन-टाइन परिसरात आढळलेल्या रोगाला इथे त्या शहराचे नाव मिळाले. भारतात तो त्याच सुमारास कुमाऊँमधील राणीखेतला नोंदला गेला, म्हणून आपल्याकडे ‘राणीखेत’. त्याच्या विषाणूपुढे गावठी कोंबडीही मरते. इजिप्तची फायूमी तुलनेने चिवट मानली जाते. ऱ्होड आयलँड रेड नर आणि फायूमी मादी यांच्या संकरातून बांगलादेशात लोकप्रिय झालेली ‘सोनाली’ निपजली. तरीही लस चुकत नाही: पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी.

अडचण लशीच्या कुपीची आहे. तीत १०० किंवा अधिक मात्रा असतात, ती थंड राखावी लागते आणि मिसळल्यावर लगेच संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण विकत घेईल?

यंदा मी पिल्लांऐवजी कुप्यांचे आणि बर्फाच्या डब्याचे पैसे पाठवले. वाडीतल्या अकरा घरांनी मिळून, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, एकाच पहाटे लसीकरण उरकले.