शेगडी फुकट, इंधन परवान्यावर

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात अस्तंब्याचं शिखर आहे, उंची १३२५ मीटर. अश्वत्थाम्याचं हे ठाणं. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला इथे यात्रा भरते आणि हजारो माणसं डोंगर चढून जातात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा महाराष्ट्रात सगळ्यांनाच माहीत आहे. यात्रेकरूंचं बांधून आणलेल्या शिदोरीवर भागतं. एरवी आडदिवशी तोरणमाळ, अस्तंबा किंवा नर्मदाकाठच्या वाटा तुडवायला येणाऱ्या भटक्याला मात्र चहापुरती का होईना, स्वतःची चूल लागते.

हा भटका बहुधा सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने नंदुरबारला उतरतो, आणि त्याची पहिली अडचण तिथेच सुरू होते. रेल्वेच्या डब्यात गॅसचं नळकांडं चालत नाही, रॉकेल चालत नाही, स्पिरिटही चालत नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे शेगडी रिकामी न्यायची आणि इंधन उतरल्या गावी शोधायचं. ट्रेकिंगच्या शेगडीला बसणारं स्क्रूचं नळकांडं तालुक्याच्या गावी मिळेल अशी आशा धरू नये. स्पिरिटचं तसं नाही. लाकडाला चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश करणाऱ्या प्रत्येक सुताराला ते लागतं, त्यामुळे रंगाच्या परवानाधारक दुकानात ते असू शकतं. कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या कॅनमधून बनवलेली स्पिरिटची शेगडी इथे कामाला येते ती यामुळे. तिचं वजन पंधरा-वीस ग्रॅम, किंमत शून्य.

ही करायला धातुकाम यावं लागत नाही, हात हलका असला म्हणजे झालं. कॅनचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ असतो; तळ मात्र जाड आणि आत दबलेला. आपल्याला दोन कॅनचे दोन तळ हवेत. वरच्या तळाच्या कडेने टाचणीने वीसेक भोकं आधीच पाडून घ्यायची, कारण कॅन अखंड असतो तोवर तो चेपत नाही. मग एका जाडजूड जुन्या पुस्तकाच्या पानांत ब्लेड असं दाबून ठेवायचं की त्याचं टोक टेबलापासून अडीच-तीन सेंटीमीटर उंचीवर जेमतेम बाहेर येईल. कॅन त्या टोकाला टेकवून गोल फिरवत राहायचा. जोर अजिबात लावायचा नाही. इथे पत्रा कापायचा नसतोच, त्याच्यावर एकाच रेषेत ओरखडा खोल करत न्यायचा असतो. दहा-पंधरा फेऱ्या झाल्या की ओरखड्याच्या वर-खाली अंगठे ठेवून दाबायचं. टक् असा बारीक आवाज होतो, चीर पडते आणि आपली आपण पुढे धावते. कड अशी साफ येते की बोट फिरवलं तरी चालावं. घाईने कात्री चालवणाऱ्याच्या हाती दातेरी कड आणि कापलेलं बोट येतं.

आता दोन्ही तळ एकाच मापाचे, मग एकात दुसरा बसणार कसा? त्याला एक नामी युक्ती आहे. न उघडलेला, भरलेला तिसरा कॅन एका अर्ध्या भागात दाबून घालायचा; तोंड केसभर रुंदावतं. मग कॅनच्या मधल्या पत्र्याची पट्टी कापून, तिच्या खालच्या कडेला दोन-तीन खाचा पाडून, ती आत वर्तुळाकार उभी करायची. ही आतली भिंत. तिच्यामुळे शेगडीत दोन कप्पे होतात, मधली विहीर आणि भोवतीची पोकळ गल्ली. वरचा भाग खाली दाबला, मधोमध तळाचा गोल कापून काढला की झाली शेगडी.

मधल्या विहिरीत तीस मिलिलिटर स्पिरिट ओतून काडी लावली की पहिला मिनिटभर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यासारखं काहीतरी मधोमध सुस्त जळत राहतं. पत्रा तापतो. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि गल्लीत खाचांमधून शिरलेलं स्पिरिट तिथे उकळायला लागलं की वाफेला बाहेर पडायला टाचणीची भोकंच तेवढी असतात. एकेक भोक पेट घेतं, आणि बघता बघता वीस निळ्या कळ्यांचं कडं तयार होतं. ज्यांच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना यात नवं काही वाटणार नाही. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, तो खटाटोप वाफ करण्यासाठीच होता. स्वीडनमध्ये १८९२च्या प्रायमस स्टोव्हपासून हेच तत्त्व. कॅनच्या शेगडीत पंपाचं काम शेगडीची स्वतःची आच करते, बिघडण्याजोगा एकही हलता भाग नसतो.

स्पिरिटवर रांधणाऱ्या भटक्यांची परंपराही स्वीडनचीच. ट्रांगिया ही कंपनी १९२५ची, आणि तिचा वाऱ्यातही जळणारा पितळी बर्नरचा संच १९५१ पासून चालू आहे. कॅन कापण्याची चळवळ मात्र अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर वाढली. तिथे जिम वूड या गृहस्थाने मांजराच्या खाण्याच्या एका ॲल्युमिनियमच्या डबीला कागदाला भोकं पाडायच्या पंचने बाजूने भोकं पाडली आणि भांडं थेट डबीवरच ठेवलं. ना आतली भिंत, ना तिवई. माझ्या मते सगळ्या नमुन्यांत हा सर्वात शहाणा. आपल्याकडे मांजर बहुधा दूध-पोळीवर असतं, पण तेवढ्या आकाराची कुठलीही उथळ, रुंद डबी चालते.

थोडा हिशोब मांडू. किलोभर इथेनॉलमधून सुमारे २७ मेगाज्यूल उष्णता मिळते, रॉकेलमधून ४३. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी दीडपटीहून जास्त वजन वाहावं लागतं. अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला न्यायला १६७ किलोज्यूल लागतात. अस्तंब्याच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं, तेवढीच बचत. तीस मिलिलिटर स्पिरिटमध्ये सहाशेच्या आसपास किलोज्यूल असतात. म्हणजे ते सगळं त्या अर्ध्या लिटरवर खर्ची पडलं तर चारातले जवळपास तीन हिस्से हवेत जातात, आणि वाऱ्याला आडोसा नसेल तर चौथाही जातो. तेव्हा शेगडीइतकाच महत्त्वाचा तिच्याभोवतीचा पत्र्याचा आडोसा. तो करायला कॅनचे उरलेले तुकडे आहेतच.

इथवर सगळं सोपं होतं. कठीण आहे ते इंधन. राज्यात अल्कोहोल म्हटलं की १९४९चा दारूबंदी कायदा आणि उत्पादन शुल्क खातं आलंच. पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात विष आणि दुर्गंधी मिसळलेलं डिनेचर्ड स्पिरिटही परवान्याच्या चौकटीतच विकलं जातं. गंमत अशी की मळीपासून अल्कोहोल काढणारे साखर कारखाने आपल्याकडे जागोजागी आहेत. त्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून मोटारीत जळतं, त्याला कोणाची हरकत नाही. चुलीत जाळायचं म्हटलं की कागदपत्रं सुरू होतात.

या अडचणीशी महाराष्ट्रात कोणी चिवटपणे झुंज दिली असेल तर ती फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली ती स्थापली. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात शिकलेले अनिल राजवंशी १९८१ मध्ये तिथे आले आणि त्यांनी गोड ज्वारीचा पिच्छा पुरवला. संस्थेच्या ‘मधुरा’ वाणाचं कणीस माणसाला, चिपाड गुराला आणि धाटातल्या रसाचं अल्कोहोल इंधनाला. ऊर्ध्वपातनासाठी लागणारी उष्णता त्यांनी सूर्याकडून घेतली. पुढे अल्कोहोलवर चालणारा ‘नूरी’ कंदील आणि स्टोव्हही केला. २००७ मध्ये त्यांनी ज्या स्टोव्हवर शोधनिबंध लिहिला तो वजनाने ५० टक्केच इथेनॉल असलेल्या मिश्रणावर चालतो, बाकी निम्मं पाणी. २०२२ मध्ये राजवंशींना पद्मश्री मिळाली.

हा ५० टक्क्यांचा आकडा मला फार बोलका वाटतो. ब्रिटिश काळात दारूवर कर बसवताना ‘प्रूफ’ ठरवत, तेही जवळपास इथेच. दारूत भिजवलेली बंदुकीची पूड पेट घेते की नाही, अशी ती जुनी कसोटी. पुढे तिचं माप ५७ टक्के आकारमानाचं, म्हणजे वजनाने ४९ टक्के ठरलं. कॅनच्या शेगडीत असलं मिश्रण चालत नाही. अल्कोहोल आधी उडून जातं, मागे पाणी साचत जातं आणि ज्योत मिणमिणत विझते. फलटणचा स्टोव्ह दाबाखाली मिश्रणाचीच वाफ करून जाळतो, म्हणून तो जळतो.

आणि इथे नंदुरबारचा वाचक गालातल्या गालात हसेल, कारण पहिल्या धारेची मोहाची पेटते हे त्याला सांगायला नको. सातपुड्यात फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुलांचा सडा पडतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने आदिवासींना ती गोळा करायला, साठवायला असलेले निर्बंध सैल केले. मग मोहावर चूल का पेटवू नये? हिशोब आडवा येतो. फुलं भिजवून, आंबवून, लाकडाच्या जाळावर मडकं ठेवून धार काढायला जेवढं सरपण जातं, त्याहून बरीच कमी उष्णता त्या धारेत असते. तेवढ्या सरपणात भाकरी थेट चुलीवरच भाजून होईल. फलटणने ऊन वापरलं ते उगाच नव्हे. घरची चूल धुरकट असली तरी तिला पर्याय मोहाचा नाही आणि कॅनचाही नाही. कॅन घरच्या रांधण्यासाठी नव्हेच.

धोके चहाइतके किरकोळ नाहीत. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही. विझली असं समजून बाटलीने वर ओतणारा माणूस बाटलीसकट पेटतो, अशा शेगड्यांचे वाईट अपघात बहुतेक याच चुकीने होतात. हात वरून धरून आच जाणवते का बघावं, पत्रा गार झाल्यावरच भरावं. विझवायला फुंकर नको, वर मोठी डबी पालथी घालावी. सॅनिटायझर जाळू नये. त्यात आयसोप्रोपिल असेल तर पिवळी ज्योत आणि भांड्याला काजळी. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते काय करतं हे २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली तेव्हा मुंबईने पाहिलं. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहावं, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. बंद तंबूत ही पेटवू नये.

थोडक्यात निकाल असा. दोन माणसं, दोन दिवस, चहा आणि मॅगी असेल तर कॅनच्या शेगडीला तोड नाही. पाच जणांचा भात टाकायचा असेल तर तिचा नाद सोडा. आणि फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत सागाची वाळकी पानं गुडघाभर पडलेल्या सातपुड्यात कुठलीच शेगडी उघड्यावर पेटवू नका. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. हिवाळ्यातही आधी वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा, आणि जमत नसेल तर पाड्यावरच्या घरी चहा मागा.