पट नीट मांडा, मग डाव

उजव्या हाताचा कोपरा पांढरा. दोन्ही खेळाडूंच्या उजव्या हाताला सर्वांत जवळचं घर पांढरं आलं, की पट सरळ. मग कोपऱ्यात हत्ती, शेजारी घोडा, त्यालगत उंट. मधल्या दोन घरांत वजीर स्वतःच्या रंगावर आणि उरलेल्या घरात राजा. पुढच्या रांगेत आठ प्यादी. मुलं 'वजीर आपल्या रंगावर' एवढंच पाठ करतात आणि फसतात, कारण पट आडवा पडला असेल तर तो नियम पाळूनही राजा-वजिराची अदलाबदल होते! म्हणून आधी कोपरा बघावा. पांढऱ्याचा वजीर राजाच्या डावीकडे, काळ्याचा उजवीकडे.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, नियम इथे मोठे बोलके आहेत. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात मोहरी चुकीची मांडली होती असं मध्येच लक्षात आलं, तर तो डाव रद्द होऊन नवा खेळावा लागतो. नुसता पट आडवा असेल, तर तीच स्थिती सरळ पटावर उतरवून डाव पुढे चालतो.

ऑनलाइन ही कटकट नाही. पट मांडलेलाच येतो, काळी मोहरी मिळाली तर आपोआप फिरतोही. 2010 मध्ये सुरू झालेलं लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ पूर्ण मोफत आणि जाहिरातींविना आहे. तिथे वेळ तेवढी विचारपूर्वक निवडावी. '10+5' म्हणजे प्रत्येकी दहा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंदांची भर. नवशिक्यांनी एक-दोन मिनिटांच्या डावांच्या नादी लागू नये. आणि घरात लहान मूल असेल, तर पहिला पट त्याच्याच हातांनी मांडू द्या.