दर्शनाच्या तिकिटावर मौज

वऱ्हाडातल्या जुन्या मौजेचा हंगाम उन्हाळा नव्हताच. तो हिवाळा होता. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात भरते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. तोवर कापसाचे पैसे हाती आलेले असतात आणि हवा उघड्यावर मुक्काम करण्याजोगी असते. लोणी-शेंदराने माखलेल्या बहिरमबुवाच्या पाया पडायचे, मग हंडीतले मटण, रोडगे, वांग्याची भाजी, पाळणे, खरेदी. एकेकाळी इथे तमाशाच्या राहुट्याही पडत. गाडगेबाबांनी इथल्या पशुहत्येवर कोरडे ओढले. देव, जेवण आणि करमणूक एकाच माळावर, तेही महिनाभर. आज ज्याला आपण थीम पार्क म्हणतो त्याचे वऱ्हाडी रूप हेच, फक्त त्याला कुंपण नव्हते.

मौजेचा हंगाम हलवला तो शाळेने. मुलांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून पाहुणे मे महिन्यात आणि सहलही मे महिन्यात. हा महिना इथे कसा असतो ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवे. अकोल्याचा पारा अनेकदा ४५ अंशांपलीकडे जातो आणि २०२० सारख्या वर्षी तो ४७ च्याही वर गेला. राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते, विदर्भात ती त्यानंतर काही दिवसांनी वाजते, ती याच उन्हामुळे. दुपारी दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, आणि खिशात कांदा ठेवणारी माणसे अजून भेटतात. अशा हवेत दहा जणांचे कुटुंब, त्यातली दोन म्हातारी माणसे आणि चार पोट्टे घेऊन जायचे कुठे? चिखलदरा थंड खरे, हजार मीटरहून उंच, पण घाटाची वळणे सगळ्यांनाच मानवत नाहीत. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. ती दोन्ही इथल्या घरांना जाहिरातीतूनच जास्त माहीत. माणशी हजाराच्या पुढचे तिकीट गुणिले दहा, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात तोंडी होतो आणि तिथेच विषय संपतो.

वऱ्हाडाने यावर काढलेले उत्तर म्हणजे शेगावचे आनंद सागर. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण अकोल्याहून रेल्वेने पस्तीस-चाळीस किलोमीटर. अमरावतीकर बडनेऱ्याला गाडी पकडतात. गजानन महाराज इथे २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, संस्थान स्थापन झाले. त्याच संस्थानाने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गावाजवळच्या दोनशेहून अधिक एकर जमिनीवर ही बाग उभी केली. मध्ये तलाव, तलावातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारे ध्यानकेंद्र, बागेभोवती धावणारी छोटी रेल्वे, मत्स्यालय, खेळणी आणि अंधार पडल्यावर संगीताच्या तालावरची कारंजी.

या छोट्या रेल्वेबद्दल थोडे विषयांतर. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी अरुंद मापाची खरीखुरी गाडी, आपली शकुंतला, विसाव्या शतकाच्या आरंभी कापसासाठी घातली गेली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. आता ती बंद आहे. आजोबांनी शकुंतलेतून कामाचा प्रवास केला आणि नातवंडांनी बागेतल्या गाडीतून हौसेचा.

आनंद सागरची खरी करामत मात्र यंत्रांत नव्हती. उंचावरून ढकलून देणारा, काळजाचा ठोका चुकवणारा पाळणा तिथे मुख्य नव्हताच. करामत होती परवानगीची. वऱ्हाडी आजीला ‘बाग पाहायला चल’ म्हटले तर ती घर सांभाळते म्हणेल. ‘शेगावले जाऊ’ म्हटले की पिशवी भरायला घेते. निव्वळ मौजेवर पैसा खर्च करणे ज्या घरात अजून अपराधासारखे वाटते, तिथे दर्शन हे निमित्त नसते, ते संमतिपत्र असते. सून, नणंद, जाऊ, सगळ्या निघतात, कारण देवाला नाही म्हणायचे कोणी? सकाळी समाधीचे दर्शन, मग महाप्रसाद, दुपार भक्तनिवासात, संध्याकाळी बाग, आणि परतीच्या गाडीआधी शेगावची कचोरी. प्रत्येक पिढीला तिच्या वाटणीचे काहीतरी मिळते आणि कोणाला दुसऱ्यासाठी ताटकळत बसावे लागत नाही. मोठ्या शहरातल्या पार्कात म्हातारी माणसे बाकावर बॅगा राखत बसलेली दिसतात. इथे सहलीची पुढारी आजीच.

दुसरी गोष्ट सेवेची. रांगेत उभ्या माणसाला ‘माऊली’ म्हणणारे सेवेकरी, लख्ख संडास, प्यायचे पाणी. शिवशंकरभाऊ पाटील यांनी कित्येक दशके संस्थानाचा कारभार पाहिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले. ते संस्थानातले पाणीही स्वतःसाठी घेत नसत, असे शेगावात सांगतात. गर्दीचे शास्त्र शिकवणाऱ्या संस्थांनी या गावात येऊन राहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पाण्याचा विषय निघालाच आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा पारा ३८ च्या आसपास होता. आपल्याकडे एवढ्यावर कूलरही लावत नाहीत! पण नळकाऱ्यांच्या संपामुळे पिण्याचे नळ आणि संडास यांतले एकच वेळेत होणार होते. डिस्नेंनी संडास निवडले आणि लोक तहानेने वैतागले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पार्कचा पहिला दिवस नासला तो उन्हाने आणि पाण्याने. वऱ्हाडात ही अडचण एका दिवसाची नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. बोअर मारली तरी पाणी तोंडात धरवत नाही, झाडेही त्यावर नीट जगत नाहीत. अकोला महान येथल्या काटेपूर्णा धरणावर, अमरावती अप्पर वर्धावर जगते, आणि अकोल्यात तर उन्हाळ्यात नळ काही दिवसांआड येतो. अमरावतीचे वडाळी आणि छत्री हे तलाव इंग्रजी अमदानीत शहराला पाणी पाजायला बांधलेले. आज तिथे आपण फिरायला जातो.

म्हणून कोणी नव्या वॉटर पार्कचा नकाशा घेऊन आला की माझा पहिला प्रश्न घसरगुंड्यांचा नसतो. मे महिन्यात पाणी कुठून आणणार, वापरलेले किती वेळा फिरवणार, आणि रांगेवर सावली आहे का? महापालिकेने आणि ग्रामपंचायतीने परवानगीच्या कागदावर हे तीन प्रश्न छापूनच टाकावेत. आनंद सागरलाही पुढे बराच काळ टाळे होते, आणि नंतर ते टप्प्याटप्प्याने, मुख्यतः अध्यात्म केंद्र आणि बाग म्हणून उघडले. माझ्या मते हे वऱ्हाडातल्या मुलांचे नुकसान आहे. एवढ्या कमी पैशांत एवढे मोठे मोकळे आवार त्यांना दुसरीकडे नाही.

तरीही शेगावला जाच. फक्त बागेचा कोणता भाग खुला आहे याची संस्थानाकडे आधी चौकशी करा, अकोल्याहून सकाळची गाडी धरा, आणि मे महिना असेल तर दुपारी चारच्या आत पोट्ट्यांना बागेकडे नेऊ नका.