पिशवी काढली, दुखणं राहिलं

भोकरदन तालुक्यातलं धावडा घ्या किंवा आसपासचं कुठलंही गाव. मिरची तोडताना पाळीच्या दिवसांत कुणी ओटीपोट धरून बांधावर बसली, की जाणत्या बायका समजूत घालतात, "लेकरू झालं की कमी होईल, बाई." पण दर महिन्याला हातातलं काम टाकायला लावणारं, गोळीलाही न जुमानणारं दुखणं ही पाळीची रीत नव्हे. त्यामागे एंडोमेट्रिऑसिस असू शकतो.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती भलत्याच जागी वाढते : अंडाशयावर, गर्भाशयामागे, आतड्याजवळ. पाळीच्या हार्मोन्समुळे तीही सुजते, तिच्यातूनही रक्त झिरपतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. संडासला बसताना, शरीरसंबंधाच्या वेळी कळा येतात. काहींना दिवस राहत नाहीत. या गोष्टी बाई सासरी बोलणार कुणाशी?

निदानही सोपं नाही. अंडाशयात जुनं रक्त साठून झालेली ‘चॉकलेट सिस्ट’ सोनोग्राफीत दिसते, पण पोटातल्या आवरणावरचे बारीक डाग बहुधा निसटतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की बाईचं दुखणंच खोटं ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो, तरी निदानाला अनेक वर्षं जातात.

आपल्याकडे तेवढा धीर कुणाला? 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्यांना एंडोमेट्रिऑसिस होता, असं मुळीच नाही. पण पोट दुखतंय तर पिशवी काढा, ही घाई तिथे उघडी पडली. एंडोमेट्रिऑसिसची ऊती तर पिशवीबाहेर असते. ती तशीच राहिली तर पिशवी जाऊनही कळा उरतात. अंडाशयंही काढली, तर तरुणपणीच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात.

कायमचा इलाज अजून नाही. वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना आराम पडतो. गरज पडली तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नेमकी ऊती काढतात, तरी ती पुन्हा वाढू शकते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास हाती घेतला आहे.

बायांनो, पाळीच्या तारखा आणि दुखण्याचे दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा, आशाताईंना दाखवा. कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या.