रोजचे वन्यजीव आणि गावाची नोंदवही

बीडहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग घाट चढून बालाघाटच्या पठारावर आला की मांजरसुंबा लागते. पाटोद्याकडे आणि केज-अंबाजोगाईकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. जवळच मन्मथस्वामींच्या समाधीमुळे आणि धबधब्यामुळे प्रसिद्ध असलेले कपिलधार आहे. वाहनांची आणि यात्रेकरूंची सतत वर्दळ असलेल्या या ठिकाणी वन्यजीव कोठून दिसणार, असा प्रश्न सहज पडेल. परंतु विजेच्या तारेवरचा कोतवाल, माळावर ओरडणारी टिटवी, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे, बांधावरचा सरडा आणि कुंपणातून सरकणारे मुंगूस हे सारे वन्यजीवच होत.

पाटोद्याच्या दिशेला मोरांसाठी नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. राष्ट्रीय पक्षी म्हणून मोराकडे शासनाचे आणि समाजाचे लक्ष असते. टिटवीकडे किंवा सुगरणीकडे ते नसते. जे रोज दिसते त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि ते दिसेनासे झाले तरी ते नेमके केव्हापासून, हे कोणाला सांगता येत नाही.

गिधाडांचा धडा

याची किंमत गिधाडांच्या बाबतीत मोजावी लागली. मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरणे हे एके काळी खेडोपाडी नित्याचे दृश्य होते. १९९०च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या तर शेकडा ९९ हून अधिक घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८०च्या दशकात गिधाडांची पद्धतशीर मोजणी झालेली होती. ती हाताशी होती म्हणूनच पुढील घट आकड्यांत दाखविता आली.

दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो नीलपंख म्हणजेच चास पक्षी आज अशाच वळणावर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात त्याची संख्या घटत असल्याचे दिसून आले. सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी नोंदविलेल्या तीन कोटी निरीक्षणांवर हा अहवाल आधारलेला आहे. त्यांतील बहुसंख्य निरीक्षणे सामान्य नागरिकांची आहेत.

छायाचित्र कसे घ्यावे

आज बहुतेक घरांत भ्रमणध्वनी आहे व त्यात कॅमेराही आहे. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून, प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, स्थिर हाताने छायाचित्र घ्यावे. प्राणी लहान दिसला तरी चालेल. त्याच्या जवळ जाण्याचा मोह टाळावा. एक छायाचित्र प्राण्याचे आणि दुसरे त्याच्या परिसराचे घ्यावे. तारीख, वेळ, ठिकाण आणि प्राणी काय करीत होता, एवढे लिहून ठेवावे. या चार गोष्टी नसतील, तर उत्तम छायाचित्रही केवळ शोभेचे ठरते.

टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. माणूस फार जवळ आला, तर ती अंडी सोडून ओरडत राहते आणि अंडी उन्हात पडतात. म्हणून घरट्याजवळ थांबू नये, आडव्या येणाऱ्या फांद्या तोडू नयेत, रात्री झोताचा प्रकाश टाकू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी विस्कटणे याचाही समावेश आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी.

नोंदीला घर हवे

ही छायाचित्रे ठेवायची कोठे, याचे उत्तर कायद्यातच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे आणि गावकऱ्यांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवली, तर ती नावांची यादी होऊन राहते. दरवर्षी तारखेसह छायाचित्रांची भर पडत गेली, तर तीच गावाचा पुरावा होते. रस्ता रुंद होताना, माळ नांगरला जाताना किंवा जुनी विहीर बुजविताना तेथे काय होते, हे ग्रामसभेला दाखविता येते.

शाळांनी याची सुरुवात एखाद्या बाभळीपासून करावी. दरवर्षी पावसाळ्यात तेथील खोपे मोजावेत आणि त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस अधिक, असे शेतकरी मानतात. अंड्यांची जागा आणि मंडळातील पर्जन्यमान शेजारीशेजारी लिहिले, तर काही वर्षांनी मुलांना हा समज स्वतः पडताळता येईल. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांनी जोडलेल्या या सप्ताहात वर्षभराची छायाचित्रे ग्रामपंचायतीत मांडावीत आणि त्यानंतर ती नोंदवहीत चिकटवावीत. आज क्षुल्लक वाटणारे टिटवीचे हे चित्र पुढच्या पिढीला बालाघाटच्या या माळाची ओळख करून देणारे ठरेल.