अडलेली पाळी

आठवी-नववीतली एखादी मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडवते. “पोटात दुखत होतं, बाई,” एवढंच सांगते. बाईंना वाटते, पाळी असेल. घरी आईला विचारले, तर ती म्हणते, “पोरीला अजून न्हाण कुठं आलंय?” या दोन गोष्टी कुणी जोडून पाहिल्या, तर आज ज्या विकाराविषयी बोलायचे आहे तो वेळीच ध्यानात येतो.

योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. त्याला योनिपटल म्हणतात. मूल गर्भात असतानाच एरवी त्याला वाट पडते. हजार-दोन हजार मुलींत एखादीच्या बाबतीत ती पडत नाही. पडदा जन्मतः अखंड राहतो. लहानपणी त्याचा त्रास सहसा जाणवत नाही. पुढे मुलगी वयात येते, छाती भरते, गर्भाशयही आपले काम वेळेवर सुरू करते. म्हणजे पाळी येते, बरं का, पण बाहेर येत नाही! पाटाचे दारे मोडायचे राहिले, तर पाणी वाफ्यात न जाता मागे तुंबत जाते, तसेच हे. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ते महिनोन्महिने योनीत साठते, मग गर्भाशयात, आणि तरीही उपाय झाला नाही तर गर्भनलिकांपर्यंत चढते.

म्हणून दुखणे महिन्याच्या महिन्याला येते आणि दर खेपेस वाढते. कंबर धरते, शौचाला कठीण होते. फुगलेल्या योनीचा दाब मूत्रमार्गावर पडून कधी लघवीच अडते. लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

कित्येकदा ओटीपोटात गोळा हाताला लागतो. इथे मात्र मन घट्ट करून ऐकावे. पाळी नाही आणि पोट वाढते आहे, एवढ्यावरून त्या पोरीवर नाही नाही तो संशय घेतला जातो. तिला मारझोड होते, नाहीतर देवऋषाकडे अंगारा-धुपारा चालतो. वास्तविक पाहता, डॉक्टरीणबाईंनी नुसते बाहेरून तपासले, तरी निळसर, फुगून आलेला पडदा बहुधा दिसतो. सोनोग्राफीने साठलेले रक्त कळते. तेवढ्याने उलगडा होत असताना आपण लेकराला गुन्हेगार ठरवावे, याला काय म्हणावे?

उपाय शस्त्रक्रियेचा आहे, आणि तो लहानसा आहे. भूल देऊन पडद्याला छेद देतात. काळपट, काकवीसारखे दाट रक्त निघून जाते. घरी सुईने टोचण्याचा उद्योग कुणी करू नये. भोक पुन्हा बुजते आणि आत पू होण्याची भीती असते. “लग्नाचं कसं होईल?” ही आयांची खरी धास्ती. छेद उपचारासाठी दिला, तसा कागद डॉक्टर देतात. आणि योनिपटलावरून मुलीची पारख करणे मुळातच अशास्त्रीय आहे. वेळेवर उपचार झालेल्या मुलींना पुढे सहसा मूल होण्यास अडचण येत नाही. फार उशीर झाला, तर रक्त उलटे पोटात जाऊन नवी दुखणी मागे लागू शकतात.

काही मुलींत अडसर तोंडाशी नसून योनीत वर, आडव्या पडद्याचा असतो. तिथे शस्त्रक्रिया अवघड, म्हणून मोठ्या रुग्णालयात जावे लागते. आणि पाळी न येण्याची कारणे याखेरीज दुसरीही आहेत. तेव्हा पंधरा वर्षे पुरी झाली किंवा छाती भरू लागून तीन वर्षे उलटली, तरी पाळी दिसली नाही, तर दुखत नसले तरीही तपासून घ्यावे. दर महिन्याला दुखत असेल, तर मात्र पंधराव्या वर्षाची वाट पाहू नये. शिक्षिकांनी हजेरीपट चाळून गैरहजेरीच्या तारखा आईच्या हाती द्याव्यात, आणि आईने तो कागद ग्रामीण रुग्णालयात जाताना बरोबर न्यावा. दुखणे किती दिवसांनी फिरून येते, हेच डॉक्टर आधी विचारतात.