जुन्या कार्बोरेटरयुक्त मोटारींमधील इंधनगळती : निदान व दुरुस्तीची क्रमबद्ध पद्धती

सारांश :
जुन्या मोटारींच्या इंजिनातील पेट्रोलची गळती हा किरकोळ बिघाड समजला जातो. पेट्रोल जेथे ठिबकते तो भाग बदलला की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ठिबकण्याची जागा आणि गळतीचे मूळ कारण ही अनेकदा भिन्न असतात. गळती केव्हा होते, इंधनप्रणालीच्या कोणत्या भागात होते आणि त्या वेळी तेथे दाब किती असतो, या तीन बाबींचा एकत्रित विचार केल्यास निदान अचूक होते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : इंधनगळती, कार्बोरेटर, डायफ्रॅम पंप, नीडल व्हॉल्व्ह, इथेनॉलमिश्रित पेट्रोल.

प्रास्ताविक :
प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसॅडर आणि सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० या मोटारींनी भारतीय रस्त्यांवर अनेक दशके राज्य केले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली. तथापि हौशी मालकांनी जपलेल्या अशा मोटारी आजही वापरात आहेत. त्यांचे नळ, रबरी पाइप, गॅस्केट व टाक्या आता जीर्ण झाल्या आहेत. त्यातच पेट्रोलचे स्वरूपही बदलले. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले व २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. या मोटारींचे रबरी भाग अशा इंधनासाठी बनविलेले नव्हते. त्यामुळे इंधनगळतीचा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक गंभीर झाला आहे.

उद्दिष्टे :
१. कार्बोरेटरयुक्त इंजिनातील इंधनगळतीचे प्रकार स्पष्ट करणे.
२. गळतीच्या निदानाचा योग्य क्रम मांडणे.
३. दुरुस्तीतील प्रचलित चुका व आवश्यक सुरक्षितता यांचा विचार करणे.

धोक्याचे स्वरूप :
पेट्रोलची वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असते. ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि गॅरेजमधील खड्ड्यात साचते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारणतः १.४ ते ७.६ टक्के यांच्या दरम्यान असल्यास ठिणगीने ती पेट घेते. एका सेकंदाला एक थेंब ही गळती नगण्य वाटते. मात्र एक थेंब ०.०५ मिलिलिटर धरल्यास तासाला १८० मिलिलिटर पेट्रोल वाया जाते. एवढ्या पेट्रोलची संपूर्ण वाफ झाल्यास ती अंदाजे दोन घनमीटर हवा ज्वालाग्राही करू शकते. बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो व तप्त एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळजवळच असतात, हे लक्षात घेता या हिशेबाचे गांभीर्य ध्यानात येते.

इंधनप्रणालीची रचना :
या मोटारींमध्ये पेट्रोलची टाकी मागील बाजूस असते. इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रॅम पंप टाकीतील पेट्रोल ओढून घेतो व कार्बोरेटरकडे ढकलतो. त्यानुसार प्रणालीचे दोन भाग पडतात. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग शोषणाचा असून पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा भाग दाबाचा असतो. हा दाब अल्प, म्हणजे सुमारे ०.२ ते ०.३ बार असतो. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट तरंगतो. पेट्रोलची पातळी वाढली की तो नीडल व्हॉल्व्ह बंद करतो व पुढील पुरवठा थांबतो.

या विभागणीचा निदानाशी थेट संबंध आहे. दाबाच्या भागात चीर पडल्यास इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येते. शोषणाच्या भागात चीर पडल्यास पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. इंजिन अडखळते, चढावर बंद पडते, पण थेंब दिसत नाही. अशा वेळी दोष पंपाला दिला जातो व चांगला पंप बदलला जातो.

वेळेवरून निदान :
गळती केव्हा होते, हा निदानातील पहिला प्रश्न होय.

१. इंजिन चालू असताना ठिबकणे व बंद करताच थांबणे : पंपानंतरचा रबरी पाइप, त्याचे जोड किंवा कार्बोरेटरच्या झाकणाचे गॅस्केट यांत दोष असण्याची शक्यता अधिक असते.

२. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी वास येणे : याची दोन कारणे संभवतात. इंजिनच्या उष्णतेने वाटीतील पेट्रोल उकळून बाहेर पडते, किंवा पंपातील स्प्रिंगमुळे शिल्लक राहिलेला दाब झिजलेल्या नीडल व्हॉल्व्हमधून पेट्रोल पुढे ढकलतो. एअर फिल्टर काढून इंजिन संथ गतीने चालवावे व कार्बोरेटरच्या घशात आरशाच्या साहाय्याने दुरून पाहावे. मुख्य नॉझलमधून पेट्रोल ठिबकत असल्यास पातळी वाढलेली आहे, म्हणजेच दोष नीडल व्हॉल्व्ह किंवा फ्लोटमध्ये आहे, असे समजावे. काळा धूर हेही त्याचे पूरक लक्षण होय.

३. टाकी पूर्ण भरल्यानंतरच वास येणे : टाकीच्या वरच्या भागातील जोड, भरण्याच्या नळीचा रबरी पाइप किंवा इंधनमापकाच्या तबकडीचे गॅस्केट तपासावे.

४. बाहेर गळती नसताना पेट्रोलचा खप वाढणे : ही सर्वांत फसवी अवस्था होय. पंपाचा डायफ्रॅम फाटला असता पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरू शकते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते, तेल पातळ होते व त्याला पेट्रोलचा वास येतो. असे आढळल्यास इंजिन चालवू नये. पंप दुरुस्त केल्यावर तेल व फिल्टर बदलणे अनिवार्य असते.

जागेवरून निदान :
पेट्रोल लवकर उडून जाते. म्हणून ओल्या थेंबापेक्षा मागे राहिलेला पिवळट-तपकिरी चिकट डाग अधिक विश्वसनीय असतो. इंजिन थंड असताना संपूर्ण भाग स्वच्छ करून कोरडा करावा. संशयित जोडांवर पांढरी टाल्कम पावडर भुरभुरावी व खाली पांढरा पुठ्ठा ठेवावा. त्यानंतर थोडा वेळ इंजिन चालवून पावडर प्रथम कोठे ओली होते ते पाहावे. पेट्रोल उताराने वाहते. म्हणून सर्वांत वरची ओली जागा हाच गळतीचा उगम मानावा.

एका साखळीचा येथे विशेष उल्लेख आवश्यक आहे. जुन्या टाकीत गंज धरतो. गंजाचा कण पेट्रोलबरोबर येऊन नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, वाटी भरून वाहते आणि पेट्रोल कार्बोरेटरच्या बाहेरून ओघळत खालच्या पाइपच्या जोडावरून ठिबकते. मेकॅनिक पाइप बदलतो. चार दिवसांनी दुसरा कण येतो व गळती पुन्हा सुरू होते. येथे ठिबकणारा भाग पाइप, दोषी भाग व्हॉल्व्ह आणि मूळ कारण टाकी असते. इथेनॉलमुळे टाकीतील जुना साका सुटू लागतो व इथेनॉल ओलावाही शोषून घेते. त्यामुळे ही साखळी अलीकडे अधिक संभवते.

दुरुस्ती :
साधा नायट्रायल रबरी पाइप इथेनॉलयुक्त पेट्रोलमध्ये फुगतो, मऊ होतो व कालांतराने तडकतो. म्हणून एकच पाइप न बदलता टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी पाइप इथेनॉलरोधक, शक्यतो फ्लोरोइलॅस्टोमरचे अस्तर असलेले, घालावेत. क्लिप अति आवळल्यास ती पाइप कापते. तेव्हा ती बेताने आवळावी.

पितळी फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोलचा आवाज आल्यास त्यास छिद्र आहे. गरम पाण्यात बुडविल्यास बुडबुड्यांवरून छिद्राची जागा कळते. मात्र डाग देताना शिसे-कथलाचा थर जाड झाल्यास फ्लोटचे वजन वाढते व पेट्रोलची पातळी पुन्हा वर जाते. म्हणून शक्यतो फ्लोट बदलावा. नीडल व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीसह बदलणे हितावह असते. नवा पंप बसविल्यावर गळती सुरू झाल्यास दाबमापकाने दाब तपासावा. पंपाखालील उष्णतारोधक तुकडा व गॅस्केट यांची जाडी कमी झाल्यास पंपाचा दांडा अधिक आत ढकलला जातो, दाब वाढतो आणि चांगला व्हॉल्व्हही पेट्रोल रोखू शकत नाही.

टाकीच्या बारीक चिरेवर कपडे धुण्याच्या साबणाची वडी चोळण्याचा उपाय सर्वपरिचित आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नसल्याने तो काही काळ टिकतो. परंतु गॅरेजपर्यंत पोहोचण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. टाकीला वेल्डिंग करणे मात्र जीवघेणे ठरू शकते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात हवा व वाफ यांचे स्फोटक मिश्रण असते. हे काम टाकी उतरवून, वाफमुक्त करून, जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सुरक्षितता :
तपासणी मोकळ्या हवेत करावी. खड्ड्यात उतरू नये. पाइप सोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. ड्राय केमिकल पावडरचे अग्निशामक उपकरण हाताशी ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारल्यास आग पसरते. तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय पूर्णतः त्याज्य आहे. पेट्रोल श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते.

निष्कर्ष :
१. ठिबकणारा भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. गळतीचे मूळ शोधणे आवश्यक असते.
२. गळतीची वेळ, सर्वांत वरची ओली जागा व पंपाचा दाब या क्रमाने तपासणी केल्यास अनावश्यक भाग बदलणे टळते.
३. बाहेर थेंब दिसत नसला तरी डिपस्टिक तपासणे हा निदानाचा अविभाज्य भाग होय.
४. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या काळात जुन्या प्रतीचे रबर पुन्हा वापरणे म्हणजे पुढील गळतीची तयारी करणे होय.

जुनी मोटार जपणे हा छंद असला, तरी तिच्या बॉनेटखालचे पेट्रोल आजही तितकेच ज्वालाग्राही आहे. मालक व मेकॅनिक या दोघांनी पेट्रोलच्या पहिल्या वासालाच बिघाडाची पूर्वसूचना मानले, तर मोटारीबरोबर माणसेही सुरक्षित राहतील.